आप्पांची न्हाणी

मार्चमध्ये माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आप्पांनी उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणल्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी न्हाणीत त्यांचा तोल गेला. त्यांनी टॉवेलची दांडी धरली, तर ती प्लास्टरसकट हातात आली. ह्यांनी मागून सावरलं म्हणून निभावलं. त्याच रात्री ठरलं, न्हाणी फोडायची.

भवानी पेठेतलं आमचं घर जुनं. न्हाणी-संडास एकत्र, पाच बाय सहा फूट. त्यातली दोन फूट जागा पाण्याच्या बॅरलांनी खाल्लेली. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, साठवल्याशिवाय कसं चालेल? दाराला चार इंचांचा उंबरा, खाली वापरून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी. साबणाचं पाणी सांडलं की धडधाकट माणूससुद्धा घसरावा.

मी दुकानात जाऊन कमोड पसंतही करून आले होते. व्यायाम घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "ताई, थांबा. आधी आप्पांचं माप घेऊ." त्यांनी आप्पांना लाकडी खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत टेप धरली. 18 इंच. अपंग-वृद्धांना वावर सोपा व्हावा म्हणून सरकारने 2021 मध्ये काढलेल्या सुगम्यता मार्गदर्शक सूचनांत कमोडच्या बैठकीची उंची 450 ते 480 मिलिमीटर दिली आहे. 18 इंच म्हणजे साधारण 457, त्यात हे बरोबर बसतं. मी पसंत केलेला कमोड 15 इंचांचा होता. त्यावरून आप्पांना एकट्याला उठताच आलं नसतं.

मग खुर्ची भिंतीशी सरकवून ते म्हणाले, "आप्पा, उठा. हात जातोय तिथं जाऊ द्या." डावा हात भिंतीवर टेकला. मी खडूनं खूण केली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. तीन खुणा एका वितीत आल्या. दांडी तिथंच बसली. दुकानदार दोन्ही बाजूंना दांड्या घ्या म्हणत होता, पण उजवा हात धरणार कशानं? ते पैसे आम्ही दारावर घातले.

26 इंचांचं दार 32 इंचांचं केलं, म्हणजे शेजारी आधाराला माणूस चालू शकतो. दार आता बाहेर उघडतं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं, हे गवंड्यानं सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. उंबरा काढला, फरशीला जाळीकडे ढाळ दिला, खरखरीत टाइल्स बसवल्या. बॅरल अंगणात गेले. भिंत चार इंची, नुसत्या स्क्रूनं दांडी टिकली नसती. म्हणून आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावली. सिमेंट सुकल्यावर गवंडी स्वतः त्या दांडीला लटकला आणि मग म्हणाला, "आता धरून बघा की, आप्पा."

खर्च 71,400 रुपये. आप्पांची 50,000 ची ठेव होती आणि त्यांचा हट्ट होता, माझ्यासाठी करताय तर माझेच पैसे मोडा. पण सही उजव्या हाताची. डाव्या हातानं केलेली सही जुळेना, बँकेतून दोनदा परत आलो. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. स्वतःचे पैसे मागताना माणसाला असं खोटं ठरवणं मला आजही सहन होत नाही. शेवटी शेजारच्या निवृत्त कारकुनांनी सांगितलं, की सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज दिला, तेव्हा काम झालं. अंगठाही डावाच. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर तोंडी बोलत बसू नका, पहिल्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या.

15,000 माझ्या भिशीचे. उरलेले 6,400 गवंड्याला दोन हप्त्यांत दिले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3,000 नंतर खात्यात आले, त्यातून रात्रीसाठी कमोडची खुर्ची घेतली. राज्य सरकारची ही योजना 65 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत लागतं.

आप्पा आता आंघोळ एकटे करतात. बादली स्टुलावर, तांब्या डाव्या हातात. सुरुवातीला मी बाहेर उभी राहून तांब्याचे आवाज मोजायची. एके दिवशी आतून म्हणाले, "सूनबाई, जा गं, भाकरी करपंल."

घराची पायरी मात्र तशीच आहे. सात इंच उंच. एकास बाराच्या उतारानं, म्हणजे इंचभर चढाला फूटभर लांबी धरून, रॅम्प करायचा तर सात फूट लांबी लागते आणि आमचा बोळच सहा फुटांचा. दाराला समांतर, भिंतीच्या कडेनं घेता येईल का, ते बघायला गवंडी रविवारी येणार आहे.