डिशवरून फोन, लॉग 4: शेजारच्या घरी जायला आवाज आकाशात कशाला?

मागच्या लॉगमध्ये लिहिलेलं की कॉल लागतोय पण बोलता येत नाही. आता बोलता येतंय, म्हणजे काकूला येतंय, आणि आमच्याकडे खरी परीक्षा तीच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. वाडी दापोली तालुक्यात, दोन डोंगरांच्या बेचक्यात, मोबाईलची एक काडी हवी तर सड्यावर चढायचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लाईट गेली, होती ती रेंज पण गेली, चाकरमानी मुंबईत जीव टांगून आणि आम्ही इकडे कौलं गोळा करतोय, तेव्हापासून डिशच्या इंटरनेटवरून फोन चालवायचं हे खूळ डोक्यात. शेवटी पाच घरांनी वर्गणी काढून व्हीसॅट, म्हणजे सॅटेलाईटवरून इंटरनेट देणारी छोटी डिश, घेतलं. सॅटेलाईट 74 अंश पूर्व रेखांशावरचा, आम्ही 73 च्या जरा पुढे, त्यामुळे डिश जवळपास सरळ दक्षिणेला आणि सिग्नल 69 अंशावरून, पार डोक्यावरून येतो. डोंगर आडवा येत नाही, माड येतो. दोन झावळ्या तोडाव्या लागल्या, त्यावरून भावकीत काय झालं ते इथे नको.

डेटा मोजका आहे म्हणून आधी हिशोब कोडेकचा, म्हणजे आवाज दाबून लहान करायच्या पद्धतीचा. जी.711 या कोडेकला हेडर (आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, लागणारा पत्ता) धरून एका दिशेला 80 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), दोन्ही बाजू मिळून मिनिटाला 1.2 एमबी, परवडत नाही. मग जी.729 लावला, आवाज फक्त 8 केबीपीएस, मी खूश, पण मीटर बघतो तर 24! कारण 20 मिलिसेकंदाच्या पॅकेटमध्ये आवाज 20 बाईट आणि आयपी, यूडीपी, आरटीपीचं हेडर 40 बाईट, म्हणजे खोबऱ्यापेक्षा सोडणच जास्त. पॅकेट 60 मिलिसेकंदाचं केलं तर तेच 13 वर आलं. आता ओपस हा कोडेक 12 केबीपीएसवर ठेवलाय, 60 चंच पॅकेट, हेडरसकट 17 च्या आसपास, मिनिटाला साधारण 260 केबी दोन्ही बाजूंचे मिळून, आणि आवाज जी.729 पेक्षा बराच मोकळा. तोटा एकच, एक पॅकेट पडलं की अख्खं अक्षर जातं. 40 मिलिसेकंद जास्त उशीर होतो तो मी सोडून दिला, जिथे सॅटेलाईटच्या वाटेत अर्धा सेकंद आधीच गेलाय तिथे त्याचं काय.

आता मुख्य गाढवपणा. एस्टेरिस्क, म्हणजे कॉल जोडून देणारं सॉफ्टवेअर, मी मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेलं, कारण पब्लिक आयपी (बाहेरून थेट सापडणारा पत्ता) तिकडे मिळतो. मुंबईचे कॉल बरे चालले. मग काकूने खालच्या घरात फोन लावला, बोटीवरनं बांगडे आले का विचारायला, आणि दोघी एकमेकींवर ओरडतायत, "ऐकू येतंय का गो?" आणि लगेच दुसरीचं "आधी तू बोल!" मध्ये अंतर हाकेचं. बसून मोजलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, आवाज डिशवरून 35,786 किलोमीटर वर, खाली हबला (सॅटेलाईट सेवेचं जमिनीवरचं केंद्र), तिथून सर्व्हरला, परत वर, परत खाली आमच्याच डिशवर. 1 लाख 43 हजार किलोमीटर, बांगड्यासाठी! एका फेरीला नुसत्या प्रकाशाच्या वेगाने 240 मिलिसेकंद जातात, इथे दोन फेऱ्या, वर मोडेम आणि बफरचा वेळ वेगळा. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीत एका दिशेला उशीर 150 मिलिसेकंदांपर्यंत उत्तम आणि 400 ही वरची हद्द सांगितलीय, आम्ही केव्हाच पलीकडे.

उपाय सोपा निघाला. घरात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्यावर दुसरं एस्टेरिस्क, वाडीतले कॉल वायफायवरच राहतात, डिशला हातच लावत नाहीत, डेटा शून्य. मुंबईचा कॉल असेल तरच तिकडच्या सर्व्हरला जातो, दोन्ही एस्टेरिस्कमध्ये आयएएक्स ट्रंक (सगळे कॉल एकत्र नेणारी जोडणी), एकच पोर्ट 4569, नॅटची (राउटरमागे पत्ता लपण्याची) कटकट गेली आणि दोन-तीन कॉल एकदम असले तर हेडर पण वाटून जातं.

अजून एक गोष्ट, स्पीडटेस्टवर जाऊ नका. मोडेम टीसीपीला (डाउनलोड ज्या पद्धतीने होतं ती) आतून ढकलतो त्यामुळे डाउनलोड झकास दिसतं, आवाज यूडीपी या वेगळ्या पद्धतीने जातो, त्याला ती मदत नाही. वर पाठवायला मोडेमला आधी हबकडे जागा मागावी लागते, म्हणून बोलणं थांबून सुरू झालं की पहिलं अक्षर अडखळतं. सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट थांबवणं) बंद केलं, शांततेत पण पॅकेट जात राहतात, डेटा थोडा जातो पण अडखळणं जवळजवळ गेलं. जिटर बफर (मागेपुढे आलेली पॅकेट थोडी थांबवून एका लयीत सोडणारा) आपोआपवर होता, तो दर पाच मिनिटांनी आवाज ताणायचा, 120 मिलिसेकंदांवर ठोकून ठेवलाय.

कोणीतरी विचारलेलं की सिमवाला गेटवे लावून कुठल्याही मोबाईलला कॉल का नाही सोडत. लायसन्सशिवाय ते बेकायदा आहे, मी करणार नाही. मुंबईवाल्यांना लिनफोन हे कॉलचं ॲप टाकून दिलाय, विरारची आते सोडून सगळ्यांना जमलं.

मुंबईच्या कॉलचा अर्धा सेकंद राहतोच, त्याला औषध नाही. काकूने स्वतःच शोध लावलाय, वाक्य संपलं की "हां बोल" म्हणते आणि गप्प बसते. आता सगळे तेच करतात.

राहिला पाऊस. आमची डिश केयू बँडवर आहे, त्या लहरी पावसात अडतात, आषाढातली सर धरली की दहा-वीस मिनिटं सगळं गप्प, फीडच्या (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) टोपीवर पाणी साचतं ते वेगळंच. टोपीवर मेणाचा हात मारून बघतोय, चार सरी झाल्या, आकडे पुढच्या लॉगमध्ये. आणि वानरांवर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा, काल दोन जण डिशच्या दांड्यावर बसून फणस खात होते, तासभर सिग्नल शोधत बसलो.