मार्चमध्ये प्लॅटकाठी: क्रौंच बघायला जाणाऱ्यांसाठी

प्लॅट नदी पहिल्यांदा दिसते तेव्हा "हीच का ती?" असं वाटतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या सपाट मैदानात आय-८० महामार्गालगत मक्याची कापलेली शेतं, कॉटनवूडची निष्पर्ण झाडं आणि वाळूच्या बेटांमधून फुटत-जुळत जाणारे प्रवाह. पाणी बऱ्याच ठिकाणी घोट्याएवढंच. पण त्या उथळ पाण्यासाठीच फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रौंच इथे मुक्कामाला येतात.

टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोत हिवाळा काढून ते कॅनडा, अलास्का, काही तर थेट सायबेरियापर्यंत जातात. वाटेत तीन-चार आठवडे इथे थांबायचं, दिवसभर शेतात सांडलेला मका आणि ओल्या कुरणांतले किडे-गोगलगायी खाऊन चरबी साठवायची आणि रात्री नदीच्या मधोमध पाण्यात उभं राहून झोपायचं. कोयोटी (लांडग्यासारखा लहान शिकारी प्राणी) चाल करून आला तर पाण्याच्या आवाजानं कळतं. म्हणून त्यांना पात्र रुंद, उथळ आणि उघडं लागतं.

तसं पात्र आता आपोआप राहत नाही. पूर्वी रॉकी पर्वतातला बर्फ वितळून येणारा वसंतातला पूर वाळूवरची रोपटी धुऊन न्यायचा. सिंचनासाठी पाणी वळवलं गेलं, प्लॅटच्या उत्तर शाखेवर १९४१ मध्ये किंग्सली धरण पूर्ण झालं, पूर ओसरले आणि बेटांवर झाडी माजली. अनेक ठिकाणी पात्र पूर्वीच्या तुलनेत अगदी चिंचोळं उरलंय. आज गिबन गावाजवळचं रो सँक्चुअरी हे अभयारण्य आणि वूड रिव्हर गावाजवळची क्रेन ट्रस्ट ही संस्था यंत्रांनी झाडी काढून ते मोकळं ठेवतात. पुराचं काम माणूस डिझेल जाळून करतोय!

राहायला कार्नी किंवा ग्रँड आयलंड ही शहरं बरी. ओमाहाहून कार्नी सुमारे तीन तास, डेन्व्हरहून पाच. एक संध्याकाळ आणि एक पहाट हाताशी ठेवाच. संध्याकाळसाठी गिबनच्या (आय-८० वरची एक्झिट २८५) किंवा आल्डाच्या (एक्झिट ३०५) दक्षिणेला नदीकाठी फुकट मचाणं आहेत. मला मात्र फोर्ट कार्नी या जुन्या किल्ल्याजवळचा रेल्वेपूल जास्त आवडला. आता तो पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी आहे. गाडीला स्टेट पार्कचा परवाना लागतो. सूर्य बुडाल्यावरही अर्धा तास थवे येतच राहतात, त्यामुळे लवकर निघू नका.

पहाटेसाठी रो किंवा क्रेन ट्रस्टच्या लपणातली (लपून पक्षी बघायच्या खोलीतली) जागा पैसे भरून आधीच राखून ठेवा. मार्चमधल्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. अंधारात आत शिरायचं आणि मार्गदर्शक सांगेपर्यंत बाहेर पडायचं नाही. फ्लॅश, मोबाईलचा उजेड, कॅमेऱ्याचा लाल दिवा, सगळं बंद. चुळबुळ्या लहान मुलांना मचाणावरच न्यावं. गोंदियाकडे भातशेतीत सारसाची जोडी पाहिलेल्यांना एवढी गर्दी, एवढा कलकलाट पचायला वेळ लागेल.

दिवसा शेतरस्त्यांनी फिरताना गाडीतूनच बघा. दार उघडलं की पक्षी उडतात, शिवाय दोन्ही बाजूंची जमीन खाजगी असते. पुलावर गाडी थांबवू नका. करड्या थव्यात एखादा पांढराशुभ्र, उंच पक्षी दिसला तर तो हूपिंग क्रौंच असू शकतो. १९४१ मध्ये जंगलात ते जेमतेम २१ उरले होते. त्याच्या जवळ जायचा मोह टाळा, कायदा कडक आहे.

दुपारी फोर्ट कार्नी पाहून घ्या. हे पॉनी (Pawnee) या मूळनिवासी जमातीचं जुनं क्षेत्र. प्लॅटचं खोरं सपाट, चारा-पाणी असलेलं, म्हणून ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणारे बैलगाड्यांचे तांडे इथूनच गेले. त्यांच्या रक्षणासाठी १८४८ मध्ये हा किल्ला उभा राहिला. पुढे पोनी एक्सप्रेस ही घोडेस्वारांची टपालसेवा, मग युनियन पॅसिफिकची रेल्वे, मग महामार्ग, सगळ्यांनी हीच वाट धरली. किल्ला १८७१ मध्ये सोडून दिला गेला. आजचं कुंपण आणि लोहारशाळा नव्यानं उभारलेली, तासाभरात उरकतं.

कपडे भरपूर घ्या. मार्चमध्येही इथे हिमवादळ होतं आणि आय-८० बंद पडतो, तेव्हा परतीला एक दिवस राखून ठेवा. शाकाहारींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवावी. हा बीफचा मुलूख आहे.