डिप्लोमाची दोन वर्षं मला कितीला पडली

औंधच्या आयटीआयमधून मी फिटर झालो. मग चाकणला वर्षभर अप्रेंटिस आणि तिथून भोसरी एमआयडीसीत ठेकेदाराकडे. हातात 16,500. 2022 च्या उन्हाळ्यात आमचे सुपरवायझर साहेब म्हणाले, "डिप्लोमा करून टाक रे, नाहीतर पन्नाशीतही कानस घासत बसशील." दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात बसता येतं, म्हणजे दोनच वर्षं. हे मला माहीत होतं. पैशांचं गणित मात्र कधी मांडलं नव्हतं.

गणेशखिंडच्या शासकीय तंत्रनिकेतनची फी काही हजारांत असते, म्हणून पसंतीत तेच पहिलं टाकलं. मिळालं नाही. खासगी मिळालं, वर्षाला 68,000.

बाबा रिक्षा चालवतात. रात्री जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "दीड लाखाचं काम आहे ना, काढू लोन." ताई अकाउंटला आहे. तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसली आणि विचारलं, "आणि याचा पगार?" 16,500 गुणिले 24, म्हणजे 3,96,000. बाबा काहीच बोलले नाहीत. आम्ही सगळे फीवर भांडत होतो आणि फीच्या जवळजवळ तिप्पट पैसा पगाराच्या रूपाने बुडणार होता.

पुढची ओळ कर्जाची. दोन्ही वर्षांना 75-75 हजार, व्याज 11 टक्के, शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही. ऐकायला गोड वाटतं. पण व्याज चालूच राहतं, आणि हप्ते सुरू होईपर्यंत दीड लाखाचे 1,91,250 झालेले असतात. पाच वर्षं महिन्याला 4,158 भरायचे, म्हणजे एकूण अडीच लाख. त्यात बुडालेला पगार मिळवला की साडेसहा लाखांच्या घरात.

आता मिळणार काय? माझ्या ओळखीचे डिप्लोमावाले ट्रेनी म्हणून लागले तेव्हा आमच्यापेक्षा तीन-चार हजार जास्त घेत होते, बस. चार हजारांचा फरक धरला तर साडेसहा लाख वसूल व्हायला साडेतेरा वर्षं. ताईने पेन खाली ठेवलं. मीही दोन दिवस विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न उलटा केला: यातलं काय कमी करता येईल? एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळी पाच ते नऊचं काम मिळालं, महिन्याला 6,500. पहिल्या वर्षाची फी माझ्या बचतीतून आणि ताईकडून उसनी घेऊन भरली, म्हणजे कर्ज घेणं वर्षभर पुढे गेलं आणि निम्म्यावर आलं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश असला की शिक्षण शुल्क निम्मं माफ होतं. माझे वर्षाला 30,000 वाचले. कॉलेजने मात्र आधी पूर्ण फी भरून घेतली आणि पैसे परत द्यायला खूप महिने लावले. केंद्राची व्याज अनुदान योजनाही आहे, साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी, पण तिला संस्थेचं नॅक किंवा अभ्यासक्रमाचं एनबीए मानांकन, म्हणजे दर्जा तपासून मिळणारी मान्यता, लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. हे मला प्रवेशानंतर कळलं. तुम्ही आधी बघा.

बँकेत विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज घेऊन गेलो तर साहेबांनी बाबांचे आयटी रिटर्न मागितले. रिक्षावाल्याचे कुठले रिटर्न? मग म्हणे एफडी ठेवा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरतं. ताईने योजनेची छापील पानं आणली, ती ओळ हायलायटरने रंगवली आणि टेबलावर ठेवली. तिसऱ्या खेपेला 70,000 मंजूर झाले. महिन्याचं 642 रुपये व्याज मी शिकतानाच भरत गेलो, ते मुद्दलात चढू दिलं नाही.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. मेट्रॉलॉजीत, म्हणजे मोजमापाच्या विषयात, मी राजा होतो. मायक्रोमीटर हातात घेतला की बारावीहून आलेली मुलं माझ्याभोवती जमायची. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सने मात्र रडवलं. पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नव्हतं. 70 पैकी 28 ला पास, मला 31. रात्री नऊला वर्कशॉपमधून सुटून दापोडीला बसने येताना बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या उघडायच्या आणि नाशिक फाट्यापर्यंत डोळा लागायचा.

2024 ला पास झालो. दुसऱ्या वर्षाचे माफीचे 30,000 आले ते सरळ कर्जात भरले, मुदतीआधी भरल्याचा दंड लागला नाही. उरले 40,000. तीन वर्षांचा हप्ता बांधून घेतला, 1,310 रुपये. बुडालेला पगार, निव्वळ फी, व्याज, पुस्तकं, बसपास असं सगळं धरून साडेतीन लाखांच्या आसपास गेले.

आज एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, 21,000 हातात. माझ्याबरोबरचा फिटर तिथेच राहिला, त्याला ओव्हरटाइमसकट 19,500 मिळतात. फरक दीड हजाराचा, त्यातले 1,310 बँकेचे. राहिले 190. तो अजून ठेकेदाराकडे आहे, मी कंपनीच्या रोलवर. त्याची किंमत कॅलेंडरच्या त्या पानावर कुठे लिहायची ते ताईला अजून सुचलेलं नाही.