दात शाबूत, कॅप खरखरीत

काका खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, दाताच्या कॅपला जीभ घासतीय. पार सोलून निघालीय बघा."

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, मिरजेला लाईट (रेडिएशन) घेऊन त्यांना वर्ष उलटलं होतं. लाळग्रंथी रेडिएशनच्या टप्प्यात आल्या की लाळ आटते, आणि कोरड्या तोंडात दात हिरडीलगत भराभर किडतात. म्हणून अशा पेशंटला घरी रोज फ्लोराइड जेल लावायला सांगतात. काका एसटीत कंडक्टर होते, वेळेचे पक्के. रोज रात्री दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये जेल घालून घड्याळासमोर बसायचे. त्याचं फळही दिसत होतं: एकाही दाताला नवी कीड नव्हती.

गंमत कॅपमध्ये होती. हवेने वाळवून बघितली तर सिरॅमिकची चमक पूर्ण गेलेली, बाथरूमच्या फरशीवर अ‍ॅसिड सांडल्यावर दिसते तशी. पण त्याच कॅपच्या आतल्या बाजूची धातूची पट्टी लखलखीत! हिरडीलगत भरलेलं ग्लास आयोनोमर सिमेंट खडबडीत झालेलं, त्यावर चहाचे डाग. पुढच्या दातात भरलेलं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट मंद पडलेलं. दाढेतली जुनी चांदी मात्र जशीच्या तशी. म्हणजे ज्या ज्या मालात काच असते, तिथे तिथे झीज. मी ट्यूब मागितली.

तिच्यावर लिहिलं होतं, अ‍ॅसिड्युलेटेड फॉस्फेट फ्लोराइड, 1.23 टक्के. हे जेल आम्ही दवाखान्यात लहान मुलांना लावतो, वर्षातून एकदोनदा, चार मिनिटं. त्याचा पीएच साधारण साडेतीन (सातच्या जितका खाली, तितकं आंबट). आम्लामुळे इनॅमलमध्ये फ्लोराइड लवकर शिरतं, म्हणून ते मुद्दाम आंबट ठेवलेलं असतं. पण एवढ्या आंबट द्रावात फ्लोराइडचा काही भाग हायड्रोफ्लोरिक आम्ल होऊन राहतो, आणि हे आम्ल काच खातं. कॅप चिकटवण्याआधी तिची आतली बाजू खरखरीत करायला लॅबमध्ये हेच आम्ल वापरतात, अर्थात कितीतरी तीव्र. दातात कॅल्शियम असतं, तिथे फ्लोराइडचा थर बसतो. सिरॅमिकमध्ये, कॉम्पोझिटच्या भुकटीत आणि ग्लास आयोनोमरमध्ये सिलिकाची काच असते, ती विरघळते. चार मिनिटांत फारसं बिघडत नाही (तरी मुलाच्या तोंडात सिरॅमिक असेल तर मी आधी त्यावर व्हॅसलिन फिरवते), पण रोज रात्री, महिनोन्महिने म्हणजे वेगळं प्रकरण.

"दुकानात हेच होतं. फ्लोराइडच आहे म्हणाले," काका म्हणाले. मग माझं सगळं ऐकून घेऊन, "तर मग आजपासून हे जेलच बंद!"

माझ्या पोटात गोळा आला. कॅप खराब झाली तर बदलता येते. पण लाईट घेतलेल्या जबड्यातला दात काढावा लागला तर जखम भरेलच असं नाही. हाड मरू शकतं, आणि त्याचे हाल मी पाहिले आहेत. काकांना तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी काकूंनीच तोडगा काढला: "अहो, औषध सोडायचं नाही, फक्त ट्यूब बदलायची."

नेमकं तेच. घरी रोज 1.1 टक्क्याचं न्यूट्रल सोडियम फ्लोराइड, म्हणजे पीएच सातच्या आसपास, आणि दर तीन महिन्यांनी माझ्याकडे दातांवर 5 टक्क्यांच्या फ्लोराइड व्हार्निशचा लेप. चिठ्ठीवर 'न्यूट्रल' शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि सांगितलं की दुकानदार दुसरं देऊ लागला तर मला फोन लावून द्या.

कॅप तोंडातच रबर पॉइंट आणि डायमंड पेस्टने घासून घेतली. मूळची चकाकी आली नाही, पण जीभ घासायची थांबली. सिमेंट दोन ठिकाणी नव्याने भरलं. नवी कॅप करायची का, ते अजून ठरलेलं नाही. काका म्हणतात, "चावता येतंय ना, मग राहू दे." मलाही घाई नाही. कॅप काढताना त्या दाताला धक्का लागायची भीती मला जास्त वाटते.