चार आमंत्रणं, एक शनिवार-रविवार

मे महिना, पारा बेचाळीसवर, आणि फ्रिजवर चार कागद: नाटक, मुलांच्या शिबिराचं प्रदर्शन, दांडिया बाजारात ओळखीच्यांच्या गच्चीवर गाण्याची बैठक, शिवाय भावजींची 'चांपानेरला येताय का?' ही चिठ्ठी.

चांपानेर आधी बाद. बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर, २००४ पासून जागतिक वारसा यादीत, सगळं खरं. पण या उन्हात जामी मशिदीच्या फरशीवर अनवाणी? तळपायांची भाकरी होईल. श्रावणात बघू. नाटकाचंही नको. गेल्या उन्हाळ्यात एका सभागृहात एसी बंद पडला आणि दुसरा अंक आम्ही तिकिटाने वारा घेत पाहिला.

रविवारी सकाळी लेकीला कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, नेलं. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत तिथे. गंगावतरण, मीरा, महाभारत. बाई मीरेपुढेच रेंगाळल्या. प्रदर्शनाला धावती हजेरी लावली, भाच्याची मातीची गाय पाहिली. (गायच होती म्हणे.)

शनिवारची बैठक मात्र पूर्ण ऐकली. गच्चीवर पाणी मारलेलं, वर सतरंज्या. कोरड्या हवेने तबल्याचा सूर सारखा चढत होता. तबलजी हातोडीने वादीखालचे लाकडी गट्टे वर सरकवायचे, कान लावायचे, पुन्हा ठोकायचे. तानपुऱ्याच्या घोडीवरचा, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला आणि सूर असा काही झळाळला की सासूबाईंनी पंखा खाली ठेवला. त्यानंतर राग मारवा. पन्हं मध्यंतराला होतं, मी दोन ग्लास घेतले.