रुमाल, टोपी आणि पावाचा भाव

जळगावचं मे महिन्याचं ऊन. तोंडाला रुमाल गुंडाळून बँकेत शिरलो, तर दारावरचा म्हणाला, "भाऊ, आधी तोंड सोडा."

मला माद्रिद आठवलं! १७६६ साली तिथे स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजाच्या 'एस्किलाचे' नावाच्या इटालियन मंत्र्याने रुंद टोप्या आणि पायघोळ झगे बंद केले. कारण हेच, चेहरा झाकून गुन्हे होतात. लोक भडकले. त्यानेच लावलेले रस्त्यावरचे दिवेसुद्धा फोडले. राजा माद्रिद सोडून अरांह्वेसच्या राजवाड्यात निघून गेला, मंत्र्याला स्पेन सोडावं लागलं.

टोपी निमित्त होती, असं माझं मत. आदल्याच वर्षी सरकारने धान्याचे भाव मोकळे सोडले होते आणि पाव महागला होता. आमच्याकडे दादर ज्वारी महागली की घरात काय बोलणी होतात, मला ठाऊक आहे.

मी मात्र मुकाट रुमाल सोडला, त्यानेच घाम पुसला आणि पासबुकाच्या रांगेत लागलो.