तुम्ही विचारलंत म्हणून : ओटा फोडण्याआधी

घरी कुणी आलं की चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभं राहतं, ओट्यावरून हात फिरवतं आणि विचारतं, "आम्हालाही असं नवं स्वयंपाकघर करून घ्यायचंय हो, सुरुवात कुठनं करू?" जावेनं विचारलं, शाळेतल्या सहकारी बाईंनी विचारलं, गल्लीतल्या निम्म्या बायकांनी विचारलं. दारात उभ्या उभ्या मी "ग्रॅनाइट घ्या, ट्रॉल्या बघून घ्या" एवढंच सांगते. पाहुणे गेल्यावर मात्र वाटत राहतं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवात वहीपासून करा. गवंडी, सुतार, ट्रॉलीवाला यांतल्या कुणालाही अजून बोलावू नका. एक शंभर पानी वही ओट्याशेजारी टांगा आणि पंधरा दिवस स्वयंपाक करता करता जिथं अडतं ते लिहीत जा. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत : "मिक्सर खालच्या कप्प्यात, आज चार वेळा वाकून उचलला." "फ्रिजचं दार उघडलं की सिंककडं जायची वाट बंद." "चिरताना आपलीच सावली विळीवर पडते." "रविवार. मटणाचं पातेलं सिंकमध्ये बसत नाही, न्हाणीत नेऊन घासलं." ही शेवटची नोंद दोन्ही रविवारी होती. म्हणून सिंक घ्यायला गेले तेव्हा ते पातेलं पिशवीत घालून दुकानात नेलं आणि एकेका सिंकमध्ये आडवं, उभं फिरवून बघितलं. दुकानदार थोडा चमकला, पण ज्या सिंकमध्ये पातेलं नीट फिरलं तेच घेतलं. आज न्हाणीत भांडं जात नाही.

आमचं घर कोल्हापुरातलं, मंगळवार पेठेतलं, जुनं. स्वयंपाकघर दहा बाय आठ. त्यात मी, सासूबाई, दोन मुलं आणि देव. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं तर काय किती वेळा हाताशी लागतं हे ठाऊकच पाहिजे. आणि आपल्याकडं स्वयंपाकघर रोजच्या जेवणापुरतं नसतं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. खोबरं, तीळ, धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, मग सगळं डंकावर कांडून आणून बरण्या भरायच्या. ट्रॉलीवाल्यानं नकाशा काढला त्यात कपबशीला जागा होती, ताटांना होती, बाटल्यांना उभी सरकती चौकट होती. चटणीच्या चिनी मातीच्या बरणीला नव्हती. बरणी झाकणासकट पंधरा इंच. त्याच्या कप्प्यात ती मावेना, आणि "बरणी माळ्यावर ठेवा" हा सल्ला ज्याला रोज सकाळी चटणी काढावी लागत नाही तोच देऊ शकतो. मी एक ट्रॉली कमी करून तिथं सोळा इंचांचा उघडा कप्पा ठेवायला लावला. तुमच्या घरातलं सर्वांत उंच, सर्वांत जड आणि सर्वांत रुंद भांडं कोणतं, ते आधी मोजून लिहा. नकाशा त्यानंतर.

आता ओट्याची उंची. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बायकांची पाठ, खांदे आणि मनगटं यातच जातात आणि हे माप बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. गवंडी आला की तेहेतीस-चौतीस इंच धरतो, कारण सगळीकडं तेवढाच असतो. मी पाच फूट चार इंच. सासूबाई चार फूट दहा. सगळा जन्म त्यांनी भाकरी पाटावर उभं राहून थापली. पाट म्हणजे बसायचा पाट, त्यावर उभं राहून.

अंदाजाचा नियम असा की सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून चार-पाच इंच वजा करायचे. माझं कोपर चाळीस इंचांवर, म्हणजे मला पस्तीसचा ओटा बरा. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, साडेछत्तीसवर, म्हणजे त्यांना फार तर बत्तीसचा. पण हा नियम चिरायचा, निवडायचा. भाकरी थापायला खांद्याचं वजन हातात उतरावं लागतं, त्यामुळं तिला ओटा आणखी खाली हवा. त्यात परातीचा काठ दोन-तीन इंच वर येतो, तोही धरला पाहिजे.

मग आम्ही सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, विटा आणि फळी रचून तीन उंच्या केल्या : चौतीस, बत्तीस, तीस. आईंनी प्रत्येक उंचीवर दोन दोन भाकरी थापल्या. चौतीसवरची भाकरी त्यांच्या बाजूला जाड आणि पलीकडं पातळ झाली, कारण हात वरून पडतच नव्हता. तिसावरची कडेपर्यंत एकसारखी. शिवाय शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच असते. चौतीसच्या ओट्यावर शेगडी, तिच्यावर दहा इंचांचं पातेलं. म्हणजे रस्सा ढवळताना हात पन्नास इंचांवर, आईंच्या गळ्याशी वाफ. तेव्हा ठरलं की शेगडी आणि परात यांचा पाच फुटांचा भाग तीस इंचांवर, आणि सिंक व चिरायचा भाग पस्तीसवर. सिंकचा तळ खोल असतो म्हणून तिथं उंच ओटाच बरा पडतो.

गवंडी म्हणाला, "वैनी, असा पायरीचा ओटा म्या कुठं केलेला न्हाई. ओटा एका लेव्हललाच असतोय." आईंनी त्याला चौतीसवरची आणि तिसावरची अशा दोन्ही भाकऱ्या दाखवल्या. त्यानं दोन्ही हातात घेऊन बघितल्या, आणि पुढं एक शब्द न बोलता पायरी घातली.

दगडाचं थोडक्यात. आमचा जुना ओटा कडाप्पाचा होता. कडाप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड, त्यामुळं लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की चमक खातात. ग्रॅनाइटला आंबटाचं तसं भय नाही. जुना कडाप्पा फेकून देऊ नका मात्र. खालच्या उभ्या आडव्या फळ्यांना तो उत्तम, पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. हे मला नणंदेच्या घरी कळलं. ती शुक्रवार पेठेत राहते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे तिथल्या लहान पोरांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं, तेव्हा तिच्या नव्या प्लायच्या ट्रॉल्या फुगून दारं मिटेनात. पुन्हा करताना तिनं खाली कडाप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या जाळ्या केल्या, विजेचे सगळे पॉइंट ओट्याच्या वर घेतले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. या वेळी धुऊन पुसून घर लागलं. तुम्ही नदीपासून लांब असाल तरी सिंकखालचा कप्पा हा घरातला पूरच आहे, तिथं तरी प्लाय नको. घ्यायचाच तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेला घ्या. स्टील ३०४ या प्रतीचं मागा, हलक्या २०२ प्रतीचं नको, बिलावर तसं लिहून घ्या; नुसतं लोहचुंबक लावून ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही, दोन्हींना ते फारसं चिकटत नाही.

वीज. इथं माझी चूक झाली, ती तुमची होऊ नये. घरात आज काय काय विजेवर चालतं आणि पाच वर्षांत काय येईल याची यादी फरशी लागायच्या आधी पाहिजे. मी इंडक्शन धरलंच नव्हतं. दोन हजार वॅटचं इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं, म्हणजे त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर हवी. मिक्सरच्या साध्या पॉइंटवर ते चालवायचं नसतं. नवी फरशी लागून आठ दिवस झाले आणि भिंत पुन्हा चरली. दोन फरशा फुटल्या. दुकानात त्याच नावाची फरशी मिळाली, पण बॅच दुसरी, रंग किंचित पिवळट. शेगडीच्या उजवीकडं त्या दोन फरशा अजून रोज डोळ्यांत खुपतात. फरशी घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना बघा, दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेलं खोकं माळ्यावर जपून ठेवा.

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या कप्प्याच्या दाराला जमिनीलगत जाळी ठेवायला सांगा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. बंद कप्प्यात साचू देऊ नका. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्याहून वर, आणि नळी पाच वर्षांनी बदलायची. आमचा तीस इंचांचा ओटा म्हणूनच आधी सिलिंडर मोजून मग पक्का केला.

काम कधी काढायचं हेही लोक विचारतात. दसऱ्याआधी, गणपतीआधी करून घेऊ म्हणून पावसाळ्यात फोडाफोडी काढू नका. आपल्या पावसात सिमेंट वाळत नाही, लाकूड फुगतं, माप चुकतं. उन्हाळा चटणीचा. आम्ही संक्रांत झाली की सुरू केलं. आमचा सुतार राजस्थानचा, होळीला तो गावी जाणारच, हे धरूनच दिवस मोजले. तीन आठवडे म्हणाले होते, सहा लागले. पैशांतही हातचे वीस टक्के वेगळे ठेवले होते, ते सगळे लागले. दर ठरवताना रनिंग फुटाचा (नुसत्या लांबीचा) की स्क्वेअर फुटाचा, त्यात चॅनेल (ट्रॉली सरकायच्या पट्ट्या), हँडल, वाहतूक धरलीय का, हे कागदावर घ्या.

त्या सहा आठवड्यांचं स्वयंपाकघर आधी मांडून, दोन दिवस त्यात स्वयंपाक करून बघा, मगच जुनं फोडायला सांगा. आम्ही पहिल्यांदा देव हलवले, आईंच्या खोलीत. मग सोप्यात टेबलावर शेगडी, खाली दोन बादल्या, एक कुकर, एक कढई, तवा, सहा ताटं. बाकीची भांडी जुन्या सुती साड्यांत बांधून, वर चिठ्ठ्या लावून वरच्या खोलीत. दोन दिवसांत कळलं की चहाची गाळणी आणि सांडशी वर गेली. ती काढून आणली आणि मग घण पडला.

शेवटचं एक, अगदी बारीक. नळाचे पाइप भिंतीत बसले की फरशी लावायच्या आधी त्यांत पाणी भरून, तोंडं बंद करून एक रात्र ठेवायला सांगा. सकाळी भिंत कुठं ओली दिसते का बघा. आणि भिंत उघडी आहे तोवर पाइपांवर मोजपट्टी आडवी धरून फोटो काढा. गेल्या महिन्यात पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस आला, सिंकच्या वर ड्रिल टेकवून उभा. मी मोबाइल काढला. फोटोत पाइप सिंकच्या डाव्या कडेपासून नऊ इंचांवर, आणि ड्रिलचं टोक बरोबर तिथंच. त्याला बारा इंचांवर भोक पाडायला सांगितलं.